निधी जमवावा की प्रत्यक्ष जाऊन काम करावे?

प्रश्न: आम्ही काही विद्यार्थी दूरच्या देशांतील पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी निधी जमवत आहोत, परंतु सुट्टीत स्वतः तिथे जाऊन श्रमदान करणे अधिक उपयुक्त ठरेल, असे काहींचे मत आहे. आपणास काय वाटते?

उत्तर १: जे काम आपल्याला येत नाही, त्यासाठी परदेशी जाऊ नये. अननुभवी हातांनी दोन आठवड्यांत उभारलेली भिंत स्थानिक गवंडी कमी खर्चात आणि अधिक पक्की बांधतो, शिवाय त्याची मजुरीही बुडत नाही. निधी देण्यापूर्वी मात्र हातपंपाच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची तजवीज कोण करणार, हे संस्थेला अवश्य विचारा, कारण नादुरुस्त होऊन पडून राहिलेले पंप हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. (छायाचित्रे नेहमी उद्घाटनाचीच असतात.)

उत्तर २: सहमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ वर्षांवरील व्यक्तींना भाषांतर, लेखन यांसारखी कामे घरबसल्या करता येतात.

प्रश्नकर्ती: दुरुस्तीचा मुद्दा आम्हाला सुचलाच नव्हता, संस्थेला आजच लेखी विचारणा करते.