इराण 1953: तेलासाठी की रशियाच्या भीतीने?

अबोली_रत्नागिरी
होर्मुझची बातमी लागली की आमच्याकडे पेट्रोलच्या भावावरून चर्चा सुरू होते. काल बाबा म्हणाले इराण-अमेरिका वैर 1979 ला तेहरानमधला अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला तिथनं सुरू झालं, तर लेक म्हणाली नाही आजोबा, 1953 ला अमेरिकेनेच त्यांचं सरकार पाडलं होतं. आता एका ठिकाणी वाचलं तेलासाठी, दुसरीकडे कम्युनिस्टांच्या भीतीने. नक्की काय? आणि तिथलं तेल काढणारी कंपनी ब्रिटिशांची होती तर अमेरिका मधे कशाला पडली?

पंत_ठाणे
ताई, थोडं मागे जावं लागेल. 1901 ला शहाने, म्हणजे इराणच्या राजाने, डार्सी नावाच्या माणसाला तेल काढायचा 60 वर्षांचा करार करून दिला, इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्यातले 16 टक्के. 1908 ला मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं आणि 1914 ला ब्रिटिश सरकारनेच कंपनीचे 51 टक्के शेअर घेतले, कारण चर्चिलना युद्धनौका कोळशावरून तेलावर आणायच्या होत्या आणि ब्रिटनकडे कोळसा भरपूर पण तेल नाही. म्हणजे इराणला भांडायचं तर कंपनीशी नाही, थेट ब्रिटिश सरकारशीच. पुढे तर अशी वेळ आली की कंपनी लंडनला जेवढा कर भरायची तेवढीसुद्धा रॉयल्टी इराणला मिळत नव्हती. 1950 च्या शेवटी सौदीने अराम्को या अमेरिकन तेल कंपनीकडून निम्मा नफा पदरात पाडून घेतला, मग इराणी लोक गप्प कसे बसतील? मार्च 1951 मध्ये मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, एप्रिलअखेर मोसादेघ पंतप्रधान झाले.

सागर_चेंबूर
आमच्या आजोबांचे थोरले भाऊ इराणमध्ये आबादानला याच कंपनीच्या रिफायनरीत फिटर होते, बरीच भारतीय माणसं होती तिथे. आबादान म्हणजे तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी रिफायनरी. साहेबांसाठी बंगले, बागा, जिमखाना, आणि इराणी मजूर राहायचे त्या एका वस्तीचं नावच कागजाबाद, म्हणजे कागदाची वस्ती. ऑक्टोबर 1951 ला ब्रिटिशांना जायला सांगितलं तेव्हा ते त्याच जिमखान्यासमोर जमले आणि लाँचमधून मॉरिशस नावाच्या युद्धनौकेवर गेले. पण त्यानंतर ब्रिटनने अशी नाकेबंदी केली की इराणी तेलाला गिऱ्हाईकच मिळेना, 1952 ला रोझ मेरी नावाचा टँकर माल घेऊन निघाला तो ब्रिटिशांच्या ताब्यातल्या एडन बंदरात अडकवला. 1950 ला रोज साडेसहा लाख बॅरलच्या वर तेल निघायचं ते दोन वर्षांत 20 हजारांवर आलं. स्वतःच्या जमिनीतलं तेल आणि विकता येत नाही, मला हे वाचून अजून राग येतो.

पंत_ठाणे
आता अमेरिकेचं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन तडजोड करा म्हणत होते, जानेवारी 1953 ला त्यांच्या जागी आयझेनहॉवर आले आणि वारं फिरलं. ब्रिटनने त्यांच्यापुढे तेलाचं गाऱ्हाणं मांडलंच नाही फारसं, तुदेह पक्ष म्हणजे तिथले कम्युनिस्ट सत्ता बळकावतील हे सांगितलं, कारण ते लगेच पटणार होतं. माझ्या मते भीती खरीच होती, 1946 ला सोव्हिएत फौजा उत्तर इराणमधून हलायला तयार नव्हत्या.

मीनल_नागपूर
पंत, भीती खरी होती मान्य, पण तेलाला असं बाजूला काढू नका. तेलाचा तुटवडा तर नव्हताच, सौदी, कुवेत, इराकने उत्पादन वाढवून इराणची जागा भरून काढली होती. धास्ती वेगळीच होती, इराणला हे पचलं तर उद्या बाकीचे पण हेच करतील. आणि 1953 ला सरकार पाडल्यावर काय झालं ते बघा. 15 ऑगस्टच्या रात्री सरकार पाडायचा पहिला डाव फसला, शहा बगदादमार्गे रोमला पळाला, 19 ऑगस्टला पैसे चारून आणलेली गर्दी आणि रणगाडे रस्त्यावर, मोसादेघ गेले. 1954 ला इराणी तेलाची वाटणी झाली, जुन्या ब्रिटिश कंपनीला 40 टक्के, अमेरिकन कंपन्यांना 40, शेलला 14, फ्रेंचांना 6. जिथे अमेरिकेचा एक टक्का नव्हता तिथे 40 आले. गंमत नाही, खरंच सांगते, त्या अमेरिकन कंपन्या आधी यायला तयार नव्हत्या, सरकारने मागे लागून आणलं त्यांना. म्हणून मला वाटतं तेल आणि रशिया हे दोन वेगळे मुद्दे नाहीतच, इराण आपल्या गोटात ठेवायचा तर तिथलं तेल आपल्या माणसांच्या हातात हवं एवढा सरळ हिशोब.

अबोली_रत्नागिरी
आता कळलं. म्हणजे बाबांचं 1979?

मीनल_नागपूर
त्याचा धागा इथेच आहे ताई. ऑक्टोबर 1979 ला अमेरिकेने क्रांतीमुळे परागंदा झालेल्या शहाला उपचारासाठी देशात घेतलं, तेव्हा तेहरानच्या पोरांना वाटलं परत 1953 करणार, कारण त्या वेळचा कट दूतावासातूनच हलवला होता. 4 नोव्हेंबरला ती पोरं त्याच दूतावासाच्या फाटकावरून चढली. मोसादेघ तोवर नव्हते, तीन वर्षं कैद आणि मग अहमदाबाद गावात नजरकैद, 1967 ला गेले तर बाहेर दफन करायला परवानगी नाही, राहत्या घरातल्याच खोलीत पुरलंय त्यांना.