पॉइझनिंग : विषबाधा, नुसती बाधा की आणखी काही?

कानामात्रा :
एका तांत्रिक पुस्तिकेचा अनुवाद करतेय, विषय हायड्रोजनवर चालणारे फ्युएल सेल, म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणारी साधनं, आणि इंधनातल्या अशुद्धींचा त्यांच्यावर होणारा परिणाम. देखभालीच्या प्रकरणात प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाचं कार्बन मोनॉक्साइडमुळे होणारं पॉइझनिंग, म्हणजे त्याचं काम अडणं, पानोपानी येतं, मी सरळ 'विषबाधा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी आक्षेप घेतला की याच पुस्तिकेत सुरक्षिततेचंही प्रकरण आहे आणि तिथे त्याच वायूची माणसाला होणारी विषबाधा आहे. म्हणजे एकीकडे 'विषबाधा झाल्यास शुद्ध हायड्रोजन चालू ठेवा' आणि दुसरीकडे 'विषबाधा झाल्यास रुग्णाला मोकळ्या हवेत न्या, ऑक्सिजन द्या'. घाईत पान उघडणाऱ्याने भलतंच वाचलं तर? आक्षेप पटतोय, पण त्यांनी सुचवलेलं 'दूषण' अजिबात पटत नाही, दूषण आपण कुणाला तरी देतो. काय करावं?

तळटीप :
विषबाधाच ठेवा, हवं तर 'उत्प्रेरकाची विषबाधा' असं पूर्ण लिहा. माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड काय करतो? हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा अडवतो. प्लॅटिनमवर काय करतो? हायड्रोजनची जागा अडवतो. उपाय पण तोच, ज्याची जागा अडवली त्याचाच शुद्ध पुरवठा सुरू ठेवायचा. इतकं जुळत असताना वेगळा शब्द कशाला शोधायचा. शिवाय विष हा शब्द 'विष्' म्हणजे व्यापणे या धातूवरून आलाय, पृष्ठभाग व्यापून टाकणाऱ्या वायूला याहून चपखल शब्द मिळणार नाही.

जुनीवही :
व्युत्पत्ती छान आहे पण आज विष म्हटल्यावर व्यापणं कुणाच्या मनात येतं? जीव जाणंच येतं. कोशात धातू शोधून शब्द ठरवायचे झाले तर निम्मी भाषा बदलावी लागेल.

माझं मत नुसतं 'बाधा'. मूळ अर्थच अडथळा. आणि बाधा उतरते, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजी म्हणायची, विष उतरवायला वैद्य लागतो, बाधा आपोआपही उतरते.

रसायनी :
या क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. तुम्ही सगळे एकाच अशुद्धीबद्दल बोलताय, खरी अडचण ही आहे की पॉइझनिंग या एका शब्दात तीनचार वेगळी वागणी कोंबलीयत.

कार्बन मोनॉक्साइड : हायड्रोजनच्या रेणूला फुटायला प्लॅटिनमवर शेजारशेजारच्या दोन मोकळ्या जागा लागतात, ६० ते ८० अंशांना हा वायू तिथे ठाण मांडून बसतो आणि अशा जोड्या भराभर कमी होतात. गंमत म्हणजे कमी करंट काढताना काहीच कळत नाही, उरलेल्या जागा पुरतात, लोड वाढवला की व्होल्टेज एकदम बसतं. शुद्ध हायड्रोजन दिला किंवा इंधनात किंचित हवा सोडली की सेल बराचसा मूळपदावर येतो. याला बाधा म्हणा, माझी हरकत नाही.

हायड्रोजन सल्फाइड : याचा गंधक प्लॅटिनमला असा धरतो की शुद्ध हायड्रोजनने जवळजवळ सुटत नाही, व्होल्टेज बरंच वर नेऊन त्याचं ऑक्सिडीकरण करावं लागतं आणि तरी सेल पूर्ण मूळपदावर येईलच असं नाही. हे विष.

अमोनिया : याचा मुख्य मारा प्लॅटिनमवर नसतोच. त्याचा अमोनियम आयन होतो आणि सेलमधल्या प्रोटॉन पलीकडे नेणाऱ्या पडद्यात प्रोटॉनच्या जागी जाऊन बसतो, पडद्याचा रोध वाढतो. थोडा वेळच संपर्क आला असेल तर सेल सावरतो, लांबला तर पूर्ण सावरत नाही.

नायट्रोजन : काहीच करत नाही, फक्त साचतो. न वापरलेलं इंधन फिरवून परत आणलं जातं त्या वाटेवर जमत जातो, हायड्रोजन पातळ होतो, म्हणून अधूनमधून बाहेर सोडावा लागतो.

वाहनांच्या हायड्रोजनसाठीच्या आयएसओ १४६८७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत हे स्वच्छ दिसतं. नायट्रोजन दहा लाख भागांत ३०० पर्यंत चालतो, अमोनिया ०.१, कार्बन मोनॉक्साइड ०.२ आणि गंधक सगळा धरून ०.००४. म्हणजे नायट्रोजनला गंधकाच्या पंचाहत्तर हजार पट सूट. या सगळ्यांना एकच 'अशुद्धी' आणि एकच 'विषबाधा' लावली तर वाचणाऱ्याला काय कळणार?

तळटीप :
मूळ मजकुरात एकच शब्द असेल तर अनुवादकाने चार करायचे का? तो अनुवाद राहत नाही, टीका होते.

रसायनी :
वापरणाऱ्याने मशीन वाचवावं म्हणून पुस्तिका असते. बाधा असेल तर तो थांबून शुद्ध इंधन देईल, विष असेल तर इंधनाचा स्रोत तपासायला धावेल. शब्दावरून कृती ठरते इथे.

पाटीपेन्सिल :
अशुद्धी शब्दाबद्दल. अशुद्धी हा गुण झाला, पदार्थ नाही. 'हायड्रोजनमधे अशुद्धी मिसळल्या' हे मला वाचवत नाही. भेसळ म्हटलं तर कुणीतरी मुद्दाम केली असा वास येतो, इथे ती इंधन बनवण्याच्या पद्धतीतूनच येते. आमच्या घरी सोनारकाम होतं, तिथे सोन्यातल्या इतर धातूला 'हीण' म्हणायचे. हीण किती, कस किती. केवढा नेमका शब्द! 'इंधनातलं हीण' लिहा की.

जुनीवही :
हीण धातूंपुरतं ठीक, वायूत हीण कानाला बोचतं. 'अपद्रव्य' जुना आणि सरळ आहे.

पाटीपेन्सिल :
आज बोचतं, दहादा वाचलं की नाही बोचत. 'उत्प्रेरक' पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणाला गोड लागला होता?

मधलीसुट्टी :
मला एक विचारायचंय. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनमधे कार्बन डायऑक्साइडही राहतो ना थोडा? तो पण विषच का?

रसायनी :
तो स्वतः सौम्य, पण प्लॅटिनमवर हायड्रोजनशी क्रिया होऊन त्यातून थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून त्याच मानकात त्याची मर्यादा दहा लाख भागांत २. आणि अल्कली विद्युतद्राव्याच्या (आयन वाहून नेणाऱ्या द्रावणाच्या) सेलमधे तोच मोठा त्रास देतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट होऊन छिद्रं बुजतात. उलट घन ऑक्साइड सेल, जे ६०० अंशांच्या वर चालतात, त्यांना कार्बन मोनॉक्साइड इंधन म्हणून चालतो! गंधक मात्र त्यांच्या उत्प्रेरकाला, निकेललाही, सोसत नाही.

तळटीप :
मग तर माझंच खरं झालं. एकाचं विष ते दुसऱ्याचं अन्न, हे विष शब्दाच्या बाबतीत कायमच खरं आहे. बाधेबद्दल असं कुणी म्हणत नाही.

जुनीवही :
जो पदार्थ परिस्थितीनुसार अडतो किंवा अडत नाही त्यालाच बाधक म्हणतात. 'बाधक' शब्द तर रोजचा आहे.

कानामात्रा :
सगळं वाचतेय, रसायनींचा मुद्दा फार कामाचा. पण मला परवा द्यायचंय. शिवाय तपासणाऱ्यांचा दुसरा शेरा, 'इंधनघटाच्या व्होल्टेजमध्ये घट' हे वाक्य बदला म्हणून, फ्युएल सेलला मी इंधनघट लिहिलंय आणि घट दोनदा येतो. सेल ठेवू की घट?

पाटीपेन्सिल :
घट ठेवा, 'विद्युतघट' शाळेत सगळे शिकलेत. घसरण लिहा दुसरीकडे.

रसायनी :
सेल ठेवा. प्रत्यक्ष काम करणारा एकही माणूस घट म्हणत नाही.

पाटीपेन्सिल :
म्हणत नाहीत कारण पुस्तिकांत कुणी लिहीत नाही.

जुनीवही :
सेल म्हटलं तर पेशीही होते, कोठडीही होते आणि कपड्यांचा सेलही. घटाला निदान दोनच अर्थ. आणि विषबाधेचं काय ठरलं?

तळटीप :
माझ्यापुरतं ठरलेलं आहे, 'उत्प्रेरकाची विषबाधा'. प्रकरणाच्या सुरुवातीला एक ओळ टाका की इथे रुग्ण माणूस नसून प्लॅटिनम आहे.

रसायनी :
आणि अमोनियाच्या वेळी काय लिहिणार? तिथे रुग्ण पडदा असतो.