म्हातारा कुत्रा आणि परसातल्या कोंबड्या: शिकवायचं की जाळी मारायची?

परसदार
आमचा लॅब्रॅडॉर नऊ वर्षांचा आहे. सगळं आयुष्य पुण्यात फ्लॅटमध्ये काढलं. आता आम्ही गुहागरजवळ सासरी राहायला आलोय आणि इथे सासूबाईंच्या गावठी कोंबड्या परसभर मोकळ्या चरतात. शेजारी म्हणतात, या वयात तो काय शिकणार, साखळीला बांधा. मला हे अजिबात पटत नाही. वय झालेला कुत्रा शिकतो. पिल्लासारखा सैरभैर होत नाही, आपल्या आवाजाची त्याला वर्षानुवर्षांची सवय असते.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की त्याला पट्ट्यावर परसात फिरवते, मनसोक्त हुंगू देते. दिवसा मात्र लांबूनच. कोंबडी दिसते आहे पण हातातला रताळ्याचा तुकडा तो अजून खातो आहे, इतकं अंतर. त्याने तिच्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं की लगेच तुकडा. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, नजर खिळली, की ओरडायचं नाही, मागे फिरायचं. खायचं थांबला म्हणजे अंतर कमी पडलं, एवढंच समजायचं.

रानवाट
ताई, तुमची तळमळ कळते, पण असहमत. लॅब्रॅडॉर ही बंदुकीने पाडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी जोपासलेली जात. तो हलक्या तोंडाने धरेलही, पण धसक्यानेसुद्धा कोंबडी मरू शकते. तुमच्या शिकवणीत चूक झाली तर त्याची किंमत कुत्रा देत नाही, तुम्हीही देत नाही. म्हणून जाळीच हवी, आणि तीही पातळ कोंबडीजाळी नको, ती कुत्रा फाडतो. वेल्डची जाळी घ्या, पाच-सहा फूट उंच, खाली फूटभर जमिनीत गाडलेली. मुंगूस उकरून आत येतो, त्यालाही आळा बसेल.

माळावरचा
आमच्याकडे कुत्र्याने कोंबडी मारली की तीच त्याच्या गळ्यात बांधायचे, वर दोन फटके. पुन्हा वळून बघत नसे.

परसदार
दादा, हे कृपा करून कुणी करू नका. मेलेली कोंबडी गळ्यात घालून तो फक्त तुम्हाला घाबरायला शिकतो. तुम्ही घरात गेलात की कोंबडी पुन्हा पळणार आणि तो पुन्हा धावणार. जनावराला मारहाण करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी नऊ वर्षं सोबत राहिलेल्या जिवाला हे कसं करवतं?

निळीशाई
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहिली: त्याचे डोळे आणि कान. या वयात मोतीबिंदू असू शकतो, ऐकू कमी येऊ शकतं. हाक ऐकूच आली नाही तर शिकवलेलं काय कामाचं? कंबर दुखत असेल तर अंगावर आलेल्या कोंबडीवर एरवीचा शांत कुत्राही खेकसतो. शिवाय अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी थेट तोंडावर झेपावते, चोच डोळ्याला लागते. आधी डॉक्टरांना दाखवा, मग शिकवा. आणि खाद्याचं पोतं झाकून ठेवा. काही तयार कोंबडीखाद्यांत रक्ती हगवणीवर मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते कुत्र्याला विषारी आहे.

परसदार
खाद्याचं माहीत नव्हतं, आजच पिंपात भरते. डॉक्टरांचंही पटलं. रानवाट, घरात कोणी नसताना जाळी हवीच, त्यावर वाद नाही. पण फक्त जाळी मारून सोडलं तर तो दिवसभर जाळीपलीकडची फडफड बघत तिथेच येरझाऱ्या घालेल. ती धग रोज वाढत जाते. कधीतरी दार उघडं राहणारच, आणि त्या दिवशी उपयोगी पडेल ते शिकवलेलंच.

रानवाट
येरझाऱ्यांचा मुद्दा मान्य. जाळीला खालून दोन-अडीच फूट झावळ्यांचा आडोसा करा, दिसणंच बंद होईल. पण पट्टा कधी सोडणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते कधीच नाही. मोठी कोंबडी निदान उडून पडवीवर बसते. अंडी उबवून २१ दिवसांनी पिल्लं निघाली की ती जमिनीवरच चिवचिवत पळतात, आणि मोठ्या कोंबड्यांजवळ शांत बसणारा कुत्राही त्यांच्यामागे धावतो. तेवढे आठवडे तरी कोंबडी पिल्लांसकट जाळीच्या आत आणि कुत्रा पट्ट्यावर, एवढं कबूल करा.

परसदार
पिल्लांपुरतं कबूल. मोठ्या कोंबड्यांबाबत नाही.