चेतकची गिअर वायर बदलली आणि न्यूट्रल हरवलं

वाईची_लेक:
नमस्कार. बाबांची १९८६ची बजाज चेतक स्कूटर आता मी चालवते. गिअर बदलायच्या डाव्या मुठीवरचे आकडे पार पुसलेत, म्हणून बाबांनी फार पूर्वी न्यूट्रलपाशी आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. गेल्या महिन्यात गिअरची एक वायर तुटली, तेव्हा गॅरेजमध्ये दोन्ही नव्या टाकून घेतल्या. तेव्हापासून ठिपका बरोबर खुणेसमोर असला तरी गाडी पहिल्यात असते, आणि चौथा पडतच नाही. मूठ थोडी नुसतीच फिरते. काल पसरणी घाटात दुसरा निसटला, इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी मागे यायला लागली. खूप घाबरले. गिअरबॉक्स उघडावा लागेल का? तो ठिपका मला पुसायचा नाहीये.

दोन_स्ट्रोक_काका:
ताई, वायरी नीट बसेपर्यंत घाटात जाऊ नका. गिअरबॉक्स उघडायची घाईही करू नका. मूठ न्यूट्रल दाखवते तेव्हा गाडी पहिल्यात, आणि चौथा गायब, म्हणजे मूठ आणि खालचा सिलेक्टर (वायरींनी फिरून गिअर बदलणारा भाग) यांचा मेळ एका घराने, म्हणजे गिअरच्या एका खाचेने, चुकलाय.

आधी क्लच बघा. लिव्हरला एक-दोन मिलिमीटर ढील हवी आणि लिव्हर दाबल्यावर क्लच पूर्ण सुटायला हवा. तो चिकटत असेल तर गिअर वायरींशी कितीही झटलात तरी गिअर अडकणारच.

मग इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद, आणि जुन्या गोधडीवर गाडी अलगद आडवी करा. मागच्या चाकाच्या पुढे, इंजिनाला लागून सिलेक्टर बॉक्स आहे. त्यात दोन वायरी जातात आणि प्रत्येकीला ढील कमी-जास्त करायचा ॲडजस्टर व त्याला जागेवर धरणारा लॉकनट असतो. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे असावेत तसं हे काम आहे, एक ओढली की दुसरी सैल. म्हणून एकच वायर आवळत बसलात तर मूठ जड होते आणि सिलेक्टर घरातून थोडा सरकून राहतो. दुसरा निसटतो तो बहुधा त्यामुळेच.

दोन्ही ॲडजस्टर सैल करा. कुणाला तरी चाक हाताने मागेपुढे हलवायला सांगा आणि सिलेक्टर हाताने फिरवा. प्रत्येक घराला टक् असं बोटाला जाणवतं. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधलं, चाक मोकळं फिरतं ते न्यूट्रल. सिलेक्टर तिथेच ठेवून वर मूठ बाबांच्या ठिपक्यावर धरा, आणि दोन्ही वायरींची ढील सारखी काढा. ठिपका जरा पुढेमागे वाटला तर एक ॲडजस्टर जितका सैल कराल तितकाच दुसरा आवळा. लॉकनट आवळताना ॲडजस्टर सोबत फिरू देऊ नका, सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

ॲडजस्टर संपलेच तर ते पूर्ण आत घेऊन वायर नव्याने पकडावी लागेल. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवताना मूठ आपोआप फिरली तर वायर हँडलखालच्या मानेत अडकलीये.

सातारा_चेतकवाला:
काकांनी सांगितलंय तसं करूनही घाटात दुसरा निसटला, आणि निसटताना मुठीला हिसका बसला, तर गिअरचा क्रॉस, म्हणजे आत सरकून एकेक गिअर पकडणारा चार हातांचा तुकडा, झिजलाय. त्याच्या कडा गोल होतात आणि जोर आला की सटकतात. मग मात्र इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

वाईची_लेक:
काका, रविवारी केलं. बाबा खुर्ची टाकून चाक हलवत बसले होते. एका ॲडजस्टरचा लॉकनट सैलच होता! ठिपक्यावर न्यूट्रल आलं, चारही गिअर पडतायत. बावधनपर्यंत जाऊन आले, दुसरा एकदाही सुटला नाही.

दोन_स्ट्रोक_काका:
ऐकून फार बरं वाटलं. नव्या वायरी थोड्या ताणल्या जातात, तेव्हा शंभर-दीडशे किलोमीटरनंतर ढील पुन्हा एकदा बघा. घाट त्यानंतर.