लेस्टरला ड्युटीचे बूट आणि फोनचं कॉन्ट्रॅक्ट, शनिवारी एकाच फेरीत घ्यायचंय, सल्ला द्या

मिरजेची_सिस्टर:

नमस्कार मंडळी, मी मूळची मिरजेची, आता लेस्टरला स्टाफ नर्स आहे. ओएससीई म्हणजे इथली नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा पास झाले, पिन (नर्सचा नोंदणी क्रमांक) आला आणि आता मेडिकल वॉर्डला रेग्युलर लाँग डे सुरू झालेत, सकाळी साडेसात ते रात्री आठ. येताना गावाकडून आणलेले काळे बूट तळाला गुळगुळीत झालेत, वॉर्डातली फरशी पुसलेली असली की पाय सरकतो आणि भीती वाटते, पेशंटला धरलेलं असताना मीच पडले तर काय. शिवाय संध्याकाळपर्यंत करंगळीपाशी इतकं दुखतं की बसमध्ये बूट सैल करून बसते. दुसरं म्हणजे पाऊस. इथला पाऊस आपल्यासारखा धो धो नाही पण दिवसभर चालू असतो आणि बसस्टॉपपर्यंत जाईस्तोवर मोजे ओले.

फोनचं असं आहे की आल्यावर एजन्सीने जे सिम दिलं तेच वापरतेय, टॉपअप पटापट संपतो. मागच्या सुट्टीला मैत्रिणीबरोबर एका मोबाईलच्या दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणाला महिना ४२ पौंड, २४ महिने, फोन फ्री. सही आत्ताच करा, ऑफर आज संपतेय. मी वेळ मागून घेतला. माझा फोन दोन वर्षांचाच आहे, डबल सिमचा, बॅटरी ठीक आहे. भारतातलं सिम त्यातच आहे कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात, घराचा हप्ता माझ्याच खात्यातून जातो. नवीन नंबर नको, हॉस्पिटलला बँकेला सगळीकडे हाच दिलाय.

तर शनिवारी सुट्टी आहे, हायक्रॉसला (इथला मोठा मॉल) जाऊन दोन्ही कामं करायचीत. कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का? आणि बूट कुठले, कसे बघून घ्यायचे? बजेट बुटांना ७०-८० पौंड दोन जोड मिळून, जास्त नको, घरी पैसे पाठवायचे असतात.

बर्मिंगहॅमकर:

ताई, सही केली नाहीत हे फार चांगलं झालं. ४२ गुणिले २४ म्हणजे १००८ पौंड. फोन फ्री वगैरे काही नसतो, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे फोनचा हप्ता म्हणूनच जातात. मधल्या किमतीचा चांगला फोन सुट्टा ४०० च्या आत मिळतो, आणि नुसतं सिम महिना दहा पौंडाचं धरलं तर दोन वर्षांचे २४० होतात. एकूण ६४०. आणि तुम्हाला तर फोन नकोच आहे म्हणजे २४० मध्येच काम.

इथे मोठी नेटवर्क मोजकीच, ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री (शेवटच्या दोन कंपन्या ३१ मे २०२५ ला एकत्र झाल्या), बाकीच्या छोट्या कंपन्या त्यांचेच टॉवर वापरतात. गिफगॅफ ओटूवर चालतं, स्मार्टी थ्रीवर, व्हॉक्सी आणि लेबारा व्होडाफोनवर. या छोट्यांचे बरेचसे प्लॅन महिन्या-महिन्याचे असतात, क्रेडिट चेक (तुमची पैसे फेडायची पत तपासणं) नाही, बांधिलकी नाही, पटलं नाही तर पुढच्या महिन्यात सोडा. पण घेण्याआधी तुमच्या घरी आणि वॉर्डात कुठलं नेटवर्क येतं ते बघा. ऑफकॉम, म्हणजे इथली टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या साईटवर पोस्टकोड टाकला की दिसतं, पण हॉस्पिटलच्या जाड भिंतीत काय येतं ते तिथल्या सहकाऱ्यांनाच विचारलेलं बरं. ब्रेकरूममध्ये पाच जणींचे फोन बघितले की कळतं. आणि वायफाय कॉलिंग आहे का तेही विचारा, सगळ्या छोट्या कंपन्या देत नाहीत.

अजून एक, इथे ३जी बंद झालंय. त्यामुळे भारतातून आणलेल्या फोनवर व्होल्टी (४जी वरून कॉल) चालतंय ना हे पहिल्याच दिवशी कॉल लावून बघा, काही मॉडेल इथल्या नेटवर्कवर कॉल लागला की २जी वर उतरतात आणि आवाज तुटतो. महिन्याचंच सिम असेल तर अशा वेळी दुसरं घेता येतं, २४ महिन्यांच्या सहीनंतर हे कळलं तर डोक्याला ताप.

वॉर्ड_सात:

अगं मी सोलापूरची, नॉटिंगहॅमला आहे, तीन हिवाळे झाले. फोनचं वर सांगितलंय तेच बरोबर, मी बुटांचं सांगते कारण पाय गेले की आपलं सगळंच गेलं.

सगळ्यात आधी वॉर्ड मॅनेजरला युनिफॉर्म पॉलिसी विचार. बऱ्याच ठिकाणी काळेच लागतात, पुढून मागून बंद, वरून पुसता येणारे. जाळीच्या कापडाचे स्पोर्ट शूज कितीही हलके वाटले तरी घेऊ नकोस, रक्त लघवी काहीही सांडलं तर आत जातं, आणि सुई पडली तर कापड काही अडवत नाही. वर भोकं असलेले क्लॉग्जसुद्धा याच कारणाने कित्येक हॉस्पिटलात चालत नाहीत. तळाला स्लिप रेझिस्टंट लिहिलेलं पाहिजे, लिहिलेलं नसेल तर विचार, विक्रेत्याला माहीत नसेल तर तो जोड सोड. किचन आणि हॉस्पिटलच्या कामाचे बूट विकणारी वर्कवेअरची दुकानं असतात, तिथे असले बूट ३०-४० पौंडात मिळतात आणि फॅशनच्या दुकानातल्या दुप्पट किमतीच्या बुटांपेक्षा जास्त टिकतात.

तुझी करंगळी दुखतेय म्हणजे लांबी बरोबर असली तरी रुंदी कमी पडतेय. आपण लहानपणापासून चपला घालून वाढलो, पुढून पंजा पसरलेला असतो. भारतातला नंबर आणि इथला नंबर एकच, युके साईज, त्यामुळे पाच नंबर असेल तर इथेही पाचच, युरोपियन लिहिलं असेल तर साधारण ३८. पण इथे नंबराशिवाय रुंदीचीही अक्षरं असतात, बायकांच्या बुटात डी म्हणजे नेहमीचं, ई म्हणजे रुंद, डबल ई त्याहून रुंद. क्लार्क्ससारख्या दुकानात पाय मोजून देतात, दोन्ही पाय मोजायला सांग आणि मोठ्या पायाच्या मापाने घे. मोजून घेतलं म्हणजे तिथेच विकत घ्यायला पाहिजे असं काही नाही.

आणि सकाळी जाऊ नकोस गं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ड्युटीत जो पाय असतो तो संध्याकाळचा पाय असतो, म्हणून दुपारनंतर जा, ड्युटीचेच मोजे घालून जा, प्रेशर स्टॉकिंग घालत असशील तर तेच घाल. बूट घातल्यावर उभं राहून बघ, बसून नाही, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, टाच उचलली जायला नको. दुकानात फेऱ्या मार, गुडघे वाकवून खाली बस, आपण दिवसातून किती वेळा बेडशेजारी वाकतो ते आठव. लाजायचं नाही. नंतर सैल होतील असं म्हणून घट्ट घेऊ नकोस.

पावसाचा जोड वेगळाच घे, ड्युटीचे बूट लॉकरमध्ये ठेव आणि तिथे जाऊन बदल. एकच जोड दोन्हीकडे वापरला की तो कधीच पूर्ण वाळत नाही आणि वास यायला लागतो. वॉटर रेझिस्टंट आणि वॉटरप्रूफ यात फरक आहे, पहिला रिमझिमीत अर्धा तास टिकतो, बसस्टॉपचा पाऊस असेल तर वॉटरप्रूफच. भिजले तर हीटरवर टाकू नकोस, चामडं कडक होऊन तडकतं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर ठेव.

पाय लहान असेल, चार-पाच नंबर, तर मुलांच्या सेक्शनमध्येही बघ. इथे लहान मुलांच्या बुटांवर व्हॅट शून्य आहे, मोठ्यांच्यावर २० टक्के, त्यामुळे तोच प्रकार ज्युनियरमध्ये बराच स्वस्त पडतो. मी पावसाचे बूट तसेच घेते.

कोथरूड_ते_कोव्हेंट्री:

मी थोडं वेगळं सांगतो. कॉन्ट्रॅक्ट अजिबात नको असं नाही. या देशात पुढे घर भाड्याने घेताना, कार लोन घेताना, क्रेडिट हिस्टरी बघतात आणि नवीन माणसाची पाटी कोरी असते. दर महिन्याला वेळेवर भरलेलं फोनचं बिल हा ती पाटी भरायचा सोपा मार्ग आहे. म्हणून पहिले काही महिने महिन्याचं सिम वापरा आणि मग १२ महिन्यांचं नुसतं सिमचं कॉन्ट्रॅक्ट घ्या, डायरेक्ट डेबिट लावून.

पण आत्ता घाई करू नका, कारण नुकत्या आलेल्यांचे अर्ज नाकारले जातात किंवा डिपॉझिट मागतात, आणि प्रत्येक अर्जाची नोंद तुमच्या फाईलवर राहते. चार दुकानांत चार अर्ज केले तर पाचवा बघतो की ही बाई सगळीकडे उधार मागत फिरतेय.

त्याआधी एक फुकटचं काम करा, मतदार यादीत नाव नोंदवा. आपण भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे असल्यामुळे व्हिसावर असतानाही इथे मतदानाचा हक्क आहे, बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. यादीत नाव असलं की पत्ता पडताळता येतो आणि क्रेडिट चेक सोपा होतो. मत तर द्याच, तुम्ही ज्या हॉस्पिटलात राबता त्याचे निर्णय घेणारे लोक त्यातूनच निवडून येतात.

आणि जेव्हा कॉन्ट्रॅक्ट घ्याल तेव्हा मधली भाववाढ बघा. १७ जानेवारी २०२५ पासून ऑफकॉमचा नियम आहे की नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये भाव वाढवणार असतील तर किती पौंड किती पेन्स आणि कधीपासून हे आधीच आकड्यात सांगायला हवं, महागाई दर अधिक अमुक टक्के असं मोघम चालत नाही. तो आकडा धरून बेरीज करा. शक्यतो ऑनलाईन घ्या, ऑनलाईन किंवा फोनवर घेतलेलं १४ दिवसांत रद्द करता येतं, दुकानात बसून सही केली तर तो हक्क कायद्याने मिळत नाही. म्हणूनच दुकानात आजच सही करा असा आग्रह असतो.

हिशेबी:

बुटांची पावती जपून ठेवा ताई. दोष निघाला, शिवण उसवली, तळ सुटला तर ३० दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात, कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५. पण दोष नसताना नुसतं बसत नाही म्हणून दुकानातून घेतलेली वस्तू परत घेणं दुकानदाराच्या मर्जीवर आहे, बहुतेक मोठी दुकानं न वापरलेली घेतात, तरी पैसे देण्याआधी विचारून घ्या. घरी आणल्यावर दोन दिवस कार्पेटवरच घालून फिरा, तळ खराब झाला नाही तर बदलून मिळतील.

अजून एक, टॅक्स. नर्सना युनिफॉर्म स्वतः धुवायचा असेल तर वर्षाला १२५ पौंडांची सूट मिळते, आणि ठराविक रंगाचे किंवा प्रकारचे बूट-मोजे सक्तीचे असतील तर बुटांचे १२ आणि मोज्यांचे ६ वेगळे. एकूण १४३ वरचा २० टक्के टॅक्स, म्हणजे वर्षाला साडेअठ्ठावीस पौंडांच्या आसपास परत. हॉस्पिटल हे पैसे देत नसेल तरच. स्वतः एचएमआरसीच्या (इथलं टॅक्स खातं) साईटवरून मागा, एजंट कमिशन कापतात. ब्लू लाइट कार्ड (एनएचएससारख्या सेवांतल्या लोकांसाठीचं सवलतीचं कार्ड) पण काढा, चपला-बूट, फोन दोन्हीकडे सवलत मिळते.

मिरजेची_सिस्टर:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुपारी तीननंतर गेले, ड्युटीचे मोजे घालून. पाय मोजले तर माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला आणि रुंदी डबल ई! इतकी वर्षं मला वाटायचं माझा पायच नाजूक आहे म्हणून दुखतो. हायक्रॉसमध्ये या रुंदीत काळे, न घसरणारे मिळाले नाहीत, मग वर्कवेअरच्या दुकानात गेले, तिथे ३६ पौंडात मिळाले, वरून सपाट, पुसता येतात. दुकानातल्या बाईंनी स्वतःहून ओल्या फरशीवर चालून बघायला सांगितलं. पावसाचे ज्युनियर सेक्शनमधून, ३२ पौंड. बजेटमध्ये बसलं. काल पहिला लाँग डे केला त्या बुटांत, रात्री बसमध्ये बूट सैल करावे लागले नाहीत, एवढं बरं वाटलं की घरी आईला फोन करून सांगितलं.

सिमचं ब्रेकरूममध्ये विचारलं, आमच्या वॉर्डात व्होडाफोनवालं सगळ्यात बरं येतं म्हणाल्या, म्हणून त्याच टॉवरवर चालणारं महिन्याचं घेतलंय. मतदार यादीचा फॉर्म भरला. आता जुना नंबर नवीन सिमवर कसा न्यायचा? आणि भारतातल्या सिमचं काय करू, त्यावर दर महिन्याला रिचार्ज नको वाटतं.

बर्मिंगहॅमकर:

जुन्या सिमवरून इंग्रजीत पीएसी एवढंच लिहून ६५०७५ ला मेसेज करा, लगेच नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा कोड येतो, तो ३० दिवस चालतो. नवीन कंपनीच्या ॲपमध्ये किंवा साईटवर तो टाकला की पुढच्या कामाच्या दिवशी नंबर येतो. जुनं सिम आपोआप बंद होतं, वेगळं रद्द करायला फोन करू नका, आधी रद्द केलं तर नंबर जातो. शुक्रवारी संध्याकाळी करू नका, मधे शनिवार-रविवार येतो. जुन्या सिमवर शिल्लक असेल तर आधी वापरून टाका.

भारतातलं सिम डेटा रोमिंग बंद करून ठेवा पण रोमिंग चालू ठेवा. येणारे एसेमेस रोमिंगमध्ये फुकट असतात, ओटीपी येत राहतील. त्या सिमवर आलेला कॉल मात्र उचलू नका, त्याला पैसे पडतात, घरच्यांना सांगून ठेवा की व्हॉट्सॲपवरच करायचा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून डेटा नसलेले, नुसत्या कॉल-एसेमेसचे पॅक निघालेत, ३६५ दिवसांपर्यंतचे, त्यातला वर्षभराचा टाका म्हणजे दर महिन्याची कटकट नाही. रिचार्ज मिरजेहून कोणीतरी करू शकेल, तारीख मात्र तुमच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

मिरजेची_सिस्टर:

भाऊ रिचार्ज करेल, त्याला आत्ताच मेसेज टाकला. सोमवारी नाइट नाही, तेव्हा पीएसी मागवते आणि झालं की इथे कळवते. वॉर्ड_सात, तुझ्या शहरात येणं झालं तर भेटू नक्की.

वॉर्ड_सात:

ये गं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, नुकतीच सोलापूरहून आलीय. नवीन बूट पहिल्या आठवड्यात सलग तीन लाँग डेला घालू नकोस, मधे एक दिवस जुने घाल, पण ओल्या फरशीचं काम नसेल तेव्हाच.