मदत हवी आहे: रस्टमध्ये अनसाइन्ड काउंटर फिरून शून्यावर येतो तेव्हा
नमस्कार मंडळी. सी भाषेतला एक रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरली जाणारी ठरावीक लांबीची साठवण) मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आणतोय. लिहिण्याचा एक आणि वाचण्याचा एक, असे दोन ३२ बिटी अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेले) काउंटर आहेत. ते फक्त वाढतात. त्यांच्या वजाबाकीवरून किती नोंदी वाचायच्या राहिल्यात ते कळतं. सीमध्ये ४२९४९६७२९५ नंतर पुन्हा ० येणार हे मानकानेच ठरवलंय, त्यामुळे वजाबाकी तेव्हाही बरोबर येते. रस्टच्या डीबग (चाचणीच्या) बिल्डमध्ये मात्र तिथेच पॅनिक होतं, म्हणजे प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो, आणि रिलीज (प्रत्यक्ष वापराच्या) बिल्डमध्ये तेच गुपचूप चालतं. ही तफावत मला फार धोक्याची वाटते.

वजाबाकी रॅपिंग_सबने (सीसारखीच फिरून येणारी वजाबाकी करणाऱ्या फंक्शनने) सुटली. खरी अडचण पुढे आहे. बफरची लांबी १००० आहे आणि काउंटरला १००० ने भागून उरलेल्या बाकीवरून मी जागा काढतो. काउंटर शून्यावर आला की जागा २९५ वरून थेट ० वर जाते, आणि न वाचलेल्या नोंदींवर नव्या लिहिल्या जाऊ शकतात. (हा दोष सीमध्येही होताच, मला आत्ता दिसला.)

लांबी १०२४ करू (म्हणजे काउंटरच्या पूर्ण फेरीला तिने नेमका भाग जाईल) की काउंटर ६४ बिटी? प्रोसेसर ३२ बिटी आहे आणि काउंटर इंटरप्टमधूनही (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमधूनही) बदलतो, म्हणजे ६४ बिटी काउंटर अर्धवट बदललेला वाचला जाऊ शकतो, म्हणून दुसऱ्या पर्यायाची भीती वाटते. शिवाय तुम्ही प्रत्येक ठिकाणी रॅपिंग_सब लिहिता की रॅपिंग हा टाइपच (ज्यात गणित आपोआप असंच फिरतं) वापरता? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.