मदत हवी आहे: धारण्याच्या रात्री आईला स्वयंपाकाचं तेच तेच स्वप्न पडतं, पहाटे तीनला दचकून जाग येते

पर्वतीपायथा

आईचं वय ६१, मधुमेह ९ वर्षांपासून. श्रावणात धारणं-पारणं करते, म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण. धारण्याच्या दिवशी सकाळी ९ ला कपभर दूध, दुपारी १ ला साबुदाण्याची खिचडी, ५ ला चहा आणि केळं. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. झोप साडेदहाला.

धारण्याच्या रात्री पावणेतीन ते साडेतीनच्या दरम्यान ती दचकून उठते. स्वप्न जवळपास एकच. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याचं स्वयंपाकघर, पानं मांडलेली, पंगत बसलेली, आणि पुरण सैल. पोळी लाटायला घेतली की कडेनं पुरण बाहेर येतं, तव्याला चिकटून करपतं. दुसरी घेतली तरी तेच. दोनदा स्टोला पिन मारूनही तो पेटत नव्हता. पानात काही वाढायच्या आत जाग येते आणि मग पाचपर्यंत डोळा लागत नाही.

वहीत नोंद ठेवली आहे. १६ दिवसांत धारण्याच्या ८ रात्रींपैकी ६ रात्री हे स्वप्न, पारण्याच्या ८ पैकी फक्त १. शेजारच्या काकू म्हणाल्या, पानं मांडली आणि वाढली नाहीत म्हणजे पितर उपाशी आहेत. तेव्हापासून आईच्या मनाला ते लागून राहिलंय. उपासानं असं होतं का? काय करता येईल? व्रत मोडायचं नाही, ही तिची अट आहे. आज धारणंच आहे.

रात्रपाळी

स्वप्नाचा अर्थ नंतर बघू. आधी चार गोष्टी सांगा. जाग येते तेव्हा घाम असतो का, गाऊनचा गळा, उशी ओली असते का? मधुमेहाची नेमकी कोणती गोळी, किती वाजता, आणि धारण्याच्या दिवशीही तीच घेते का? झोपेची गोळी चालू आहे का? झोपेत लाटल्यासारखे हात हलतात, ओरडणं होतं का?

पर्वतीपायथा

घाम असतो, हो. गळा आणि पाठ ओली होते. आम्ही तो भीतीचा समजत होतो. सकाळी डोकं जड असतं. गोळी ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० आणि वोग्लिबोज ०.२ अशी एकत्र. सकाळी ९ आणि रात्री ८. धारण्याच्या दिवशीही दोन्ही वेळा घेते, गोळी कधी चुकवत नाही. झोपेची गोळी नाही, हात हलत नाहीत. घरात ग्लुकोमीटर आहे. धारण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ११० ते १२० येते, म्हणून साखर ठीक आहे असं धरलं होतं.

रात्रपाळी

म्हणजे दुपारी एकची खिचडी, पाचचं केळं, आणि रात्री आठला रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तिचा परिणाम रात्रभर राहतो. साखर उतरायला लागली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. घाम, धडधड, भीतीची स्वप्नं आणि दचकून जाग हे सगळं त्यातूनच येतं. मग ग्लुकागॉन आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांच्या जोरावर यकृत साखर बाहेर काढतं, म्हणून सातला मीटर ११५ दाखवतो. सकाळच्या आकड्यावरून पहाटे तीनचं काही कळत नाही.

आजच, आठच्या आधी, आईच्या डॉक्टरांना फोन करून धारण्याच्या दिवसाचं वेळापत्रक जसंच्या तसं वाचून दाखवा. गोळी कमी करायची की वेळ बदलायची, हे त्यांनीच ठरवायचं. त्यांच्याशी बोलणं झालं नाही तर निदान एवढं पाळा: ही गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, सोबत पोटभर फराळ हवाच.

रात्री ११ ला आणि पहाटे पावणेतीनला गजर लावून साखर मोजा. आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. केळं सोलल्यावर बोटाला राहिलेला चिकटपणासुद्धा आकडा खोटा वाढवतो. टोचायचं ते बोटाच्या कडेला. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळी दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या चुकीचं दाखवतात.

७० च्या खाली आलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे चहाचे ३ भरलेले चमचे, अर्धा पेला पाण्यात. इथे तुमच्या घरी एक खास अडचण आहे. वोग्लिबोज साध्या साखरेचं आतड्यात विघटनच लांबवतं, त्यामुळे साखरेचं पाणी किंवा गूळ वेळेवर कामाला येत नाही. औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडरच हवी, आणि ती उशाशी. पेढाही नको, त्यातल्या तुपामुळे साखर हळू चढते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की कपभर दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर तासाभरात परत उतरते. ५४ च्या खाली, किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर वाट बघायची नाही, लगेच १०८ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

हात हलतात का हे विचारायचं कारण असं की, स्वप्नं रंगतात त्या झोपेत अंगाचे स्नायू सैल पडलेले असतात. साठीच्या पुढे कोणी स्वप्नाप्रमाणे हातपाय मारायला लागलं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. तुमच्याकडे तसं नाही.

वहीवाला

वरचं पहिलं करा. स्वप्नाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण काकूंनी आईच्या डोक्यात घातलेली गोष्ट निघायला हवी.

१९५३ मध्ये युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची बुबुळं भराभर हलण्याचे टप्पे नोंदवले. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. झोपेचं एक आवर्तन सुमारे दीड तासाचं असतं आणि प्रत्येक आवर्तनात हा टप्पा लांबत जातो. साडेदहाला झोपणाऱ्याला पावणेतीनला तिसरा टप्पा लागतो. साखर उतरण्याची वेळ आणि स्वप्नाची वेळ इथे एकमेकांवर पडतात. एरवी हे स्वप्न पडून गेलं असतं आणि सकाळी आठवलंही नसतं. घामानं जाग येते, म्हणून ते आठवतं.

भूक स्वप्नात जशीच्या तशी उतरत नाही. १९५८ मध्ये विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी काही जणांना २४ तास द्रवपदार्थ न देता झोपवलं. १५ स्वप्नांपैकी एकातही कुणाला तहान लागलेली नव्हती. ५ स्वप्नांत पिण्याशी लांबून संबंध जोडता येईल असं काहीतरी होतं, इतकंच. दीर्घ उपासमारीत मात्र अन्न मनावर बसतं. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांच्या मिनेसोटातल्या प्रयोगात ३६ तरुण २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यातले कित्येक जण पाककृतींची पुस्तकं जमवून तासन्‌तास वाचायला लागले. १९०२-०३ मध्ये स्कॉट, शॅकलटन आणि विल्सन हे ब्रिटिश मोहिमेतले तिघे अंटार्क्टिकावर अर्धपोटी चालत होते, तेव्हा त्यांना जेवणाची स्वप्नं पडायची आणि अन्न हाती येण्याआधीच निसटायचं. तुमच्या आईची पोळी फुटते, ती याच जातीची.

पण आई जेवत नाही, रांधते. जिनं चाळीस वर्षं घास आधी दुसऱ्याच्या पानात वाढला, तिच्या मनात अन्न म्हटलं की आधी शेगडीच येणार. मनी वसे ते स्वप्नी दिसे. शिवाय चव आणि वास स्वप्नात फार क्वचित असतात, दिसणं आणि करणं जास्त. त्या झोपेत मेंदूचा पुढचा, कामाचा क्रम लावणारा भाग मंद असतो. पुरण म्हणजे डाळ शिजवणं, निथळणं, गूळ, आटवणं, वाटणं अशी लांबलचक साखळी, ती तिथे तुटते.

काकूंना सांगायला आपल्याकडचाच आधार आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, ५ व्या अध्यायात, स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक (पुढचं सुचवणारं) आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं अशी पहिली पाचही निष्फळ मानली आहेत, म्हणजे त्यातून पुढचं काही सूचित होत नाही. वाड्यातलं स्वयंपाकघर अनुभूत. घामाचं कारण शरीरातलं, म्हणजे दोषज. पितरांचा इथे काही संबंध नाही, हे आईला शांतपणे समजावा.

कटाची आमटी

व्रत मोडायचं नाही म्हणताय, तर हा श्लोक आईला वाचून दाखवा:

अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥

पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत भंगत नाही. पहाटे तीनला घेतलेलं ग्लुकोज हे औषधच.

आता खाण्याचं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिनं १ ग्रॅमसुद्धा नाहीत. साखर झपकन चढते आणि संध्याकाळपर्यंत आधार उरत नाही. दुपारी खिचडी अर्धीच करा, त्यात दाण्याचं कूट दुप्पट घाला, सोबत वाटीभर दही.

रात्रीचा फराळ साडेसातला हवाच. एका माणसाला अर्धी वाटी वऱ्याचे तांदूळ, दीड वाटी पाणी. ३० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट, जिरं, एक मिरची, दोन आमसुलं घालून आमटी, गूळ न घालता. उकळी आली की आच मंद करा, नाहीतर कूट फुटून तेल वर आणि चोथा खाली बसतो. वरीनंही साखर चढते, म्हणून प्रमाण वाढवू नका. आमटी आणि दही वाढवा. भगरीचं दळलेलं पीठ मात्र श्रावणात आणूच नका. ओल धरून त्याला बुरशी येते आणि विषबाधा होते. अख्खी वरी आणा, निवडा, दोनदा धुवा.

साखर जागेवर आल्यावरही स्वप्न येत राहिलं, तर दिवसा करायचा एक उपाय आहे. वारंवार येणाऱ्या वाईट स्वप्नांवर तो झोपेचे डॉक्टरही सांगतात. दुपारी, अंथरुणात नाही, स्वप्न वहीत लिहायचं आणि शेवट बदलायचा. बदललेलं चित्र रोज दहा मिनिटं डोळे मिटून सावकाश बघायचं. आईंना पुरण सुधारायचं कसं हे ठाऊक आहे, म्हणून शेवट तिथूनच घ्या. पुरण सैल आहे, म्हणजे डाळ चाळणीत पुरती निथळली नव्हती, कट आत राहिला. पोळ्या थांबवल्या. पुरण परत पातेल्यात, मंद आच, तळाला लागू न देता ढवळणं. बुडबुडे जड व्हायला लागले, पुरण कडा सोडायला लागलं. मधोमध डाव उभा केला, तो पडला नाही. आच बंद. पुरण गार झालं, वाटून झालं, कणकेच्या पारीत भरलं, पोळी टम्म फुगली आणि पहिल्या पानात वाढली. वाढण्यापर्यंत न्यायचंच, तिथेच तर स्वप्न तुटतं.

गच्चीवरून

एक छोटं. पहाटे तीनला साखर उतरलेली असताना चहा करायला उठू देऊ नका, हात थरथरतात. झोपताना सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर शेगडीमागचा कॉक आडवा.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी काल रात्री बोलणं झालं नाही, म्हणून गोळी साडेसातच्या फराळाबरोबर दिली. रात्री ११ ला ९४. पावणेतीनला ६६, पाठ ओली, पण उठवल्यावर नीट बोलली. ग्लुकोज दिलं, तीनला ८९. मग दूध आणि लाडू. साडेतीनला परत झोपली.

आज सकाळी वही डॉक्टरांना दाखवली. धारण्याच्या दिवशी रात्रीची गोळी बंद केली आहे, सकाळची फक्त मेटफॉर्मिन. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. स्वप्न काल पडलं होतं का, हे आईला सांगता आलं नाही. श्लोक तिनं देवघरात चिकटवला आहे.

रात्रपाळी

छान. औषध बदलल्यावर पुढच्या तिन्ही धारण्यांना रात्री ११ आणि पावणेतीन हे दोन आकडे घ्याच. एका पारण्याच्या रात्रीही पावणेतीनला मोजा. त्या दिवशी दोन्ही गोळ्या चालू असतात, आणि त्या आठ रात्रींतही एकदा स्वप्न पडलंच होतं. त्या दिवशी संध्याकाळी काय आणि किती वाजता खाल्लं होतं, हे वहीत सापडतंय का बघा.